सतरंजी ओढण्याआधी बसलेल्यांना विचारा

आपल्या वस्तीतील पोरे-पोरी आता संगणकाच्या कामाला लागली आहेत. कोणी धाराशिवला, कोणी लातूरला, तर कोणी थेट पुण्याला हिंजवडीत. १९७२ च्या दुष्काळात जिच्या आजीने रस्त्याच्या कामावर खडी फोडली, ती नात आज रात्रपाळीला सर्व्हर सांभाळते, ही लहान गोष्ट नव्हे. पण घरी आई विचारते, 'बाई, तू तिथं रातभर करतेस तरी काय?' तेव्हा उत्तर मिळते, 'सर्व्हर बघते.' आईला काही उमगत नाही आणि पोरीला सांगण्याइतका वेळ नसतो. म्हणून आज आम्ही त्या कामातील एकच अडचण घेऊन बसलो आहोत. अडचण दिसायला किरकोळ आहे. पण ती कशी सोडवायची हे न कळल्यामुळे दुसऱ्याच्या कष्टाचा हिशेब पुसला जाऊ शकतो. अडचण अशी की, वायरीवरून जोडलेले सामाईक फोल्डर काम संपल्यावर सोडवायला जावे, तर ते सुटतच नाही.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. एका कचेरीत दहा टेबले आहेत असे समजा. प्रत्येकाने आपापल्या खणात कागद ठेवले तर एकाचा कागद दुसऱ्याला सापडत नाही. म्हणून सगळे कागद एका खोलीत ठेवतात. तिला आपण रेकॉर्ड रूम म्हणतो. संगणकांचेही तसेच आहे. सगळ्यांच्या फायली एका संगणकावर ठेवायच्या, तो सर्व्हर. त्यातील एखादे फोल्डर इतरांसाठी खुले करायचे, तो शेअर. बाकीच्या संगणकांनी तो शेअर आपल्याकडील एखाद्या रिकाम्या फोल्डरच्या जागी जोडून घ्यायचा, याला माउंट करणे म्हणतात. एकदा जोडला की फाईल आपल्याच डब्यात आहे असे वाटते. प्रत्यक्षात ती वायरीच्या दुसऱ्या टोकाला असते.

आपली बरीच मुले एमएस-सीआयटीच्या वर्गात विंडोज शिकतात. सर्व्हरच्या खोलीत मात्र बहुधा लिनक्सशी गाठ पडते. लिनक्स हे युनिक्सच्या घराण्यातले. युनिक्सचा पाया अमेरिकेतील बेल लॅब्स या संस्थेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली घातला. त्याच धर्तीवर फिनलंडमधील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स सुरू केले आणि ते सर्वांना खुले करून टाकले. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची जी यादी निघते, त्यातील झाडून सगळे महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आलेले आहेत.

वायरीवरून फोल्डर जोडण्याची युनिक्समधील रूढ पद्धत म्हणजे नेटवर्क फाईल सिस्टिम, थोडक्यात एनएफएस. ती सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९८४ च्या सुमारास तयार केली. या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक विनोद खोसला, यांचा जन्म आपल्या पुण्यातला. १९८९ साली या पद्धतीचे नियम सर्वांसाठी छापून जाहीर झाले आणि ती घरोघर पोचली. विंडोजच्या पद्धतीचे शेअर युनिक्सवर चालावेत म्हणून ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास जे काम हाती घेतले, त्याला पुढे सांबा असे नाव पडले. शेअर एनएफएसचा असो की सांबाचा, न सुटण्याचे दुखणे दोघांनाही होते.

सोडवण्याची आज्ञा आहे 'यूमाउंट'. लिहिताना 'अनमाउंट' या शब्दातला पहिला एन गाळतात आणि यू, एम, ओ, यू, एन, टी एवढीच अक्षरे टाइप करतात. नवख्यांना पहिली ठेच इथेच लागते. आज्ञा बरोबर दिली आणि शेअर सुटला, तर युनिक्स काहीच बोलत नाही, मुकाट्याने पुढची ओळ दाखवते. सुटला नाही तर मात्र तक्रार येते, 'टार्गेट इज बिझी'. जुन्या संगणकांवर 'डिव्हाइस इज बिझी' असे येते. म्हणजे काय, तर जागा अडलेली आहे, कोणीतरी आत बसलेले आहे.

समाजमंदिरात सभा संपल्यावर सतरंजी गुंडाळायची असते. पण कोपऱ्यात दोघे म्हातारे पानाची चंची उघडून बसलेले असतात, पलीकडे एका बाईचे लेकरू झोपलेले असते. सतरंजीचे टोक धरून ओढले तर ती निघत नाही. जोर लावला तर लेकरू गडगडेल, नाहीतर सतरंजी फाटेल. शहाणा कार्यकर्ता काय करतो? आधी नजर फिरवतो, कोण कोण बसले आहे ते पाहतो, 'आजोबा, जरा उठता का?' असे म्हणतो आणि मग गुंडाळतो. शेअर सोडवण्याचे शास्त्र याहून फारसे वेगळे नाही.

मग यंत्र एवढे अडून का बसते? हिशेब लिहिणाऱ्यांना हे लगेच पटेल. दुकानदार दिवसभर कच्च्या वहीत टिपून ठेवतो आणि संध्याकाळी पक्क्या खातेवहीत उतरवतो. संगणकही आपण लिहिलेले ताबडतोब सर्व्हरवर नेऊन ठेवतो असे नाही. काही काळ ते त्याच्या स्मरणात, म्हणजे कच्च्या वहीत असते. रीतसर यूमाउंट केले की तो कच्ची नोंद पक्क्या वहीत उतरवतो आणि मगच दार लावतो. मध्येच वायर उपटली तर कच्ची वही गेली. म्हणून 'बिझी' ही तक्रार म्हणजे यंत्राची खोडी नाही. तो पहारेकऱ्याने दिलेला आवाज आहे.

बेंबळीच्या अभ्यासिकेत आम्ही हे डोळ्यांनी पाहिले आहे. तेथे जुने संगणक लिनक्स घालून चालवले जातात. एक संगणक सर्व्हर, बाकीचे त्याला जोडलेले. सामाईक फोल्डरमध्ये मुलांच्या प्रश्नपत्रिका असतात आणि वस्तीतील बायकांच्या बचत गटाचा हिशेबही असतो. एका महिनाअखेरीला संध्याकाळी लाईट गेली. यूपीएस ओरडू लागला. सगळे बंद करायचे म्हणून एका पोराने शेअर सोडवायला घेतला, तर 'बिझी'. दुसरा म्हणाला, 'ओढ की वायर, कशाला वेळ घालवतो?' तेवढ्यात बारावीची एक पोरगी पुढे झाली. 'आधी आत कोण आहे ते तर बघू,' म्हणाली आणि तिने एक आज्ञा दिली. उत्तरात दोन नावे आली. एक होती ती आज्ञा देणाऱ्या पोराची स्वतःची काळी खिडकी, कारण तो त्याच फोल्डरमध्ये उभा राहून ते फोल्डर सोडवू पाहत होता. दुसरा होता हिशेबाचा तक्ता. गटाची अध्यक्षा नोंदी करता करता स्वयंपाकाला म्हणून घरी गेली होती आणि तक्त्याची खिडकी खाली दडलेली होती. पोरीने तक्ता साठवला, बंद केला. पोराने फोल्डरच्या बाहेर पाऊल टाकले. यूमाउंट दिले आणि यंत्र मुकाट्याने राजी झाले. दोन मिनिटेसुद्धा लागली नाहीत. त्या दोन मिनिटांत बायकांच्या महिन्याच्या पै-पैची नोंद वाचली. वायर ओढली असती तर पुढच्या बैठकीत कोणी किती भरले यावरून भांडण पेटले असते आणि दोष कोणातरी गरीब बाईच्या माथी आला असता.

आता हेच काम क्रमाने कसे करायचे ते सांगतो. घरातील जो कोणी या कामात असेल त्याने हा भाग कापून वहीत चिकटवावा.

पहिले, स्वतः बाहेर या. आपण ज्या काळ्या खिडकीतून आज्ञा देतो, ती खिडकी त्याच फोल्डरमध्ये उभी असेल तर तो सुटणार नाही. ज्या फांदीवर बसलो तीच तोडायची, असला हा प्रकार. 'सीडी' ही आज्ञा द्या आणि घरच्या फोल्डरमध्ये जा. फायली दाखवणाऱ्या खिडक्या उघड्या असतील तर त्याही मिटा. बऱ्याच वेळा काम इथेच होते.

दुसरे, आत कोण आहे ते विचारा. त्यासाठी 'एफयूझर' नावाची आज्ञा आहे. तिच्यापुढे मायनस व्हीएम आणि शेअर जिथे जोडला त्या जागेचे नाव लिहायचे. मग कोणाचे, कोणत्या क्रमांकाचे, कोणते काम आत चालू आहे ते दिसते. सोबत एक अक्षर असते. सी असेल तर कोणी त्या फोल्डरमध्ये नुसते उभे आहे. एफ असेल तर फाईल उघडी आहे, आणि मोठ्या लिपीतले एफ असेल तर त्या फाईलमध्ये लिहिण्यासाठी ती उघडली आहे. ई असेल तर त्या शेअरवरचाच एखादा प्रोग्रॅम चालू आहे. मोठे एफ दिसले की हात आखडता घ्या, कारण तिथे नोंद चालू आहे. दुसरी आज्ञा 'एलएसओएफ', तिचा अर्थच मुळी उघड्या फायलींची यादी. दुसऱ्यांची कामे दिसण्यासाठी या आज्ञा मुख्य अधिकाराने, म्हणजे रूटने द्याव्या लागतात.

तिसरे, उठवताना पायरी सोडू नका. माणूस जागेवर असेल तर त्याला सांगा, तो साठवून बंद करील. माणूस नसेल आणि थांबणे शक्य नसेल, तर 'किल' आज्ञेने आधी साधा इशारा पाठवा. त्याला टर्म म्हणतात, क्रमांक १५. हा इशारा मिळाल्यावर प्रोग्रॅमला आवराआवर करण्याची संधी असते. क्रमांक ९ चा इशारा म्हणजे उभ्या उभ्या हकालपट्टी. आवरायला क्षणभरही मिळत नाही. तो अगदी शेवटी.

इथे एक सापळा आहे तो नीट ध्यानात घ्या. एफयूझरला मायनस के जोडले की तो आत बसलेल्या सगळ्यांना न विचारता थेट ९ चा इशारा देतो. आणि मायनस एम सोबत दिलेल्या जागेवर शेअर जोडलेलाच नसेल, तर ती जागा ज्या डिस्कवर आहे त्या अख्ख्या डिस्कवरची कामे तो हिशेबात धरतो. म्हणजे शेअर आधीच सुटलेला असेल आणि कोणी घाईत ही आज्ञा दिली, तर चालता संगणकच आडवा होऊ शकतो. लिनक्सवर मोठ्या लिपीतले एम सोबत दिले तर जागा खरोखर जोडलेली असल्याशिवाय तो पुढे जात नाही. मायनस आय दिले तर प्रत्येकाबद्दल विचारून मगच उठवतो. ही दोन कुलुपे लावल्याशिवाय के वापरू नये.

चौथे, यादीत कोणीच दिसत नाही आणि तरी शेअर सुटत नाही, असेही होते. तेव्हा पाहा, त्या शेअरच्या आत आणखी एखादा शेअर जोडला आहे काय? असेल तर आधी आतला सोडवावा, मग बाहेरचा. आतली पेटी काढल्याशिवाय बाहेरची पेटी मिटत नाही. शेअरवरची एखादी फाईल स्वॅप म्हणून किंवा डिस्कसारखी जोडून वापरात आहे काय, किंवा हाच शेअर आपल्या संगणकाने पुढे तिसऱ्याला वाटला आहे काय, हेही तपासा. असे बसणारे यंत्राच्या गाभ्यातच असतात, म्हणून ते कामांच्या यादीत येत नाहीत.

हे झाले सर्व्हर जिवंत असतानाचे. खरी पंचाईत सर्व्हर बंद पडला किंवा वाटेत वायर तुटली की होते. मग फोल्डर उघडायला गेले की खिडकी गोठते. डिस्कची जागा दाखवणारी 'डीएफ' आज्ञा देखील अडकून बसते. बसलेल्यांची यादी मागावी तर ती मागणाराही अडकतो. अशा वेळी काय काय जोडलेले आहे ते 'प्रॉक' फोल्डरातील 'माउंट्स' या फाईलमधून वाचावे, ती सर्व्हरला विचारायला जात नाही.

गोठण्याचे कारण समजून घेतले म्हणजे घाबरायला होत नाही. एनएफएसचा शेअर दोन तऱ्हांनी जोडता येतो, हार्ड आणि सॉफ्ट. हार्ड म्हणजे सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत विचारत राहायचे, मग रात्र उलटो की दिवस. सॉफ्ट म्हणजे ठराविक वेळा विचारून नाद सोडायचा आणि प्रोग्रॅमला सांगायचे की जमले नाही. सॉफ्ट सोयीचा वाटतो, पण लिहिणे चालू असताना त्याने नाद सोडला तर फाईल अर्धवट राहून बिघडण्याचा धोका असतो. म्हणून लिनक्समध्ये न सांगता हार्डच धरले जाते.

तेव्हा गोठलेल्या शेअरवर पहिला उपाय शेअरवर करायचाच नाही. आधी वायर पाहा, स्विचचा दिवा लागला आहे का पाहा, सर्व्हर चालू आहे का पाहा. कोणी झाडू मारताना प्लग काढला नाही ना? 'पिंग' करून उत्तर येते का पाहा. सर्व्हर परत उभा राहिला तर हार्ड शेअर जिथे थांबला तिथून पुढे चालू लागतो आणि अडकलेली नोंदही पोचती होते. म्हणून सर्व्हर परत येण्याची आशा असेल तोवर धीर धरणे हेच औषध.

सर्व्हर येणारच नाही अशी खात्री झाली तर जबरदस्तीची वेळ येते. यूमाउंट मायनस एफ म्हणजे सक्तीने सोडवणे. पोचत नसलेल्या एनएफएस सर्व्हरसाठीच ती सोय आहे. तेही जमले नाही तर यूमाउंट मायनस एल, याला आळशी सोडवणूक म्हणतात. त्यात शेअर नजरेआड होतो, नव्याने कोणी आत जाऊ शकत नाही. पण जे आधीच आत आहेत ते आतच राहतात आणि ते उठतील तेव्हाच खरी सुटका होते. पाटी काढली म्हणून भाडेकरू गेला असे होत नाही. बरीच मुले मायनस एल देऊन 'झाले' म्हणतात आणि नंतर आत कोण उरले ते शोधणे आणखी अवघड होऊन बसते. या दोन्ही वाटांनी न पोचलेली नोंद कायमची जाऊ शकते, हे ज्याची नोंद आहे त्याला आधी सांगावे.

जुन्या लिनक्सवर मेलेल्या सर्व्हरची वाट पाहणारे काम ९ च्या इशाऱ्यानेही हलत नसे. २००८ साली आलेल्या २.६.२५ या आवृत्तीपासून अशी कामे ९ ला मानू लागली. तरीही काही वेळा संगणक बंद करून पुन्हा चालू करण्यावाचून गत्यंतर नसते. तेही चालेल, पण आधीचे सगळे दरवाजे ठोठावून झाल्यावर.

'स्टेल फाईल हँडल' अशी तक्रार आली तर गोष्ट वेगळी. सर्व्हर जिवंत आहे, पण त्याने तुमचे फोल्डर हलवले किंवा नवे केले आहे. तुमच्याकडची चिठ्ठी जुन्या घराची आहे. शेअर सोडवून पुन्हा जोडला की नवी चिठ्ठी मिळते.

पुन्हा हा ताप नको असेल तर दोन सवयी लावून घ्याव्यात. कायम जोडायच्या शेअरच्या नोंदीत, म्हणजे 'एफएसटॅब' फाईलमध्ये 'नेटडेव्ह' हा शब्द पुढे अधोरेघ देऊन लिहावा. मग हा शेअर वायरीवरचा आहे हे संगणकाला कळते, आणि बंद होताना तो आधी शेअर सोडवतो, मग नेटवर्क बंद करतो. हा क्रम उलटला की संगणक बंद होता होता अडकतो. दुसरे, ज्याचे काम अधूनमधून पडते तो शेअर 'ऑटोएफएस'च्या हवाली करावा. तो गरजेला जोडतो आणि काही काळ कोणी फिरकले नाही की आपणच सोडतो. आणि एक साधी वहीसुद्धा ठेवा. कोणता शेअर, कोणत्या सर्व्हरवरचा, कोण वापरतो. कचेरीतली फाईल कोणाच्या टेबलावर आहे हे लिहिलेले नसले की काय गोंधळ होतो ते कोणत्याही कारकुनाला विचारा.

आमच्या मुलांना मुलाखतीत आज्ञा पाठ येतात. पण 'सक्तीने का सोडवले नाही?' असे विचारले की जीभ अडते. ज्याला कारण सांगता येते त्याला नोकरीत मान मिळतो. रात्री दोन वाजता वरिष्ठ फोनवर 'तोडून टाक' म्हणाला, तरी 'साहेब, आत पगाराची नोंद चालू आहे, दोन मिनिटे थांबू' असे ठामपणे म्हणण्याचे बळ फक्त माहितीतून येते. त्या नोंदीत कोणातरी कंत्राटी मजुराची हजेरी असते, हे आपल्या घरातील पोरांना वेगळे सांगायला नको.

सरावाला मोठा खर्च नाही. दोन जुने संगणक आणि एक वायर पुरते. लिनक्सला पैसे पडत नाहीत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठी आवाजात केलेले आहेत, तेही फुकट. मुद्दाम शेअर जोडा, मुद्दाम आत फाईल उघडी ठेवा, सोडवून पाहा आणि यंत्र काय म्हणते ते वहीत लिहा. आणि हो, शेअर रीतसर सुटला म्हणून आतली माहिती कायमची सुरक्षित झाली असे नाही. सर्व्हरची डिस्कच गेली तर काय? त्यासाठी दुसरी प्रत, म्हणजे बॅकअप कसा ठेवावा, ते पुढील अंकी सांगू.